चौदा घोट

मिरजेला, रात्रपाळीत, नऊ वाजून दहा मिनिटांनी
पहिला घोट दिला तिला.
शंभर युनिट. पेल्यात पाणीच जास्त,
औषध म्हणावं तर चिमणीच्या चोचीत मावेल एवढं.

महानंदा बिराजदार, वय तेवीस, मूळ जतची,
सध्या सांगलीत, हळदीच्या गोदामात निवडणीला.
पाचवा महिना.
तळहातावरचे डाग तिला दिसलेच नव्हते.
पिवळं धुतलं, तेव्हा खालून तांबडं निघालं.
लॅबच्या कागदावर एकास बत्तीस,
सासूच्या तोंडात एकच शब्द: गरमी.
तो तिनं सुनेकडं बघून उच्चारला.
लेक शेजारीच उभा होता.

सातव्या वर्षी घसा सुजला म्हणून
गावच्या कंपाउंडरनं पेनिसिलीन टोचलं होतं.
ओठ वांग्यासारखे, डोळे मिटलेले,
कुणाच्या तरी जीपमधून विजापूर गाठेपर्यंत
आई तिच्या नाकाखाली बोट धरून बसली होती.
तेव्हापासून देवाच्या फोटोमागं एक चिठ्ठी:
हिला ती सुई नको.
लग्नात दागिन्यांबरोबर तीही दिली.
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून
आज सोबत आणली होती.

'दुसरं काय न्हाई का, सिस्टर?'
आहे की.
डॉक्सीच्या कॅप्सूल आहेत, चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ,
पेलाभर पाण्याबरोबर, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही.
पण पोटात लेकरू असताना त्या नाहीत.
आणखी एक गोळी आहे. आईपर्यंत जाईलही,
लेकराच्या उंबऱ्याशी थबकते.
तिसऱ्या औषधाचं नाव काढलं
की मुजावर मॅडम चष्मा पुसत बसतात.
सगळ्या वाटा फिरून
त्याच सुईपाशी आल्या.

म्हणून हे घोट.
बुजऱ्या कालवडीजवळ जावं तसं,
दर पंधरा मिनिटांनी एक पाऊल.
दोनशे. चारशे. आठशे.
ट्रेमध्ये अ‍ॅड्रिनलिन भरून ठेवलेलं,
त्यावर मी रुमाल टाकला होता, तिला दिसू नये म्हणून.
तिला दिसलं.

व्हरांड्यात शिवलिंग, तिचा नवरा, टेम्पो चालवतो.
त्याला दुपारीच टोचलं, दोन्ही बाजूंना.
बाकावर तिरका बसून मोबाइल बघत होता.
त्याला कसलीच अ‍ॅलर्जी नाही.

सहाव्या घोटाला तिनं विचारलं,
'त्यांना कुठनं आलं असंल हो?'
मी तिची नाडी मोजत होते.
मोजताना बोलायचं नसतं, म्हटलं.
मोजून झाल्यावरही बोलले नाही.

नवव्याला, अकरा वाजून दहा मिनिटांनी,
मानेवर गांधी उठली. एक. मग दुसरी.
ती खाजवेना, माझ्याकडं बघत राहिली.
मॅडम आल्या, छाती ऐकली, खुर्ची ओढून बसल्या.
अर्धा तास कुणी पेल्याला हात लावला नाही.
वॉर्डात कुणाचा तरी डबा पडला, झाकण फिरत राहिलं,
आणि आम्ही तिघी ते थांबायची वाट बघत होतो.
गांधी बसली.
दहावा घोट तिनं स्वतः उचलला.

चौदावा बारा चाळीसला. सहा लाख चाळीस हजार.
'कडू हाय,' एवढंच म्हणाली.
सव्वाला सुई दिली, दाट, पांढरी, हळूहळू.
पोटावर डॉपलर लावला;
आतला जीव आपल्या घाईत पळत होता,
त्याला यातलं काही ठाऊक नसावं.

पहाटे तिनं चहा मागितला. ओठ जसेच्या तसे.
नखांच्या कडांत अजून हळद होती.
मी सांगितलं, हे कायमचं नाही.
औषध थांबलं की शरीर हा करार विसरतं,
पुढच्या वेळी परत शंभरापासून.

'म्हंजी चिठ्ठी टाकायची न्हाई?'

नाही, म्हटलं, जपून ठेव.
तिनं माझं पेन मागून घेतलं,
चिठ्ठी उलटी केली,
आणि आईच्या अक्षराच्या पाठीवर
आजची तारीख लिहिली.