यीस्ट सेल्स: आढळल्या

एकतीस वर्षं मी हे वाईट बातमीसारखं लिहिलं.
मिरजेत, स्टेशन रोडच्या लॅबमध्ये,
लघवीच्या थेंबात, काचेवर,
अंगाला अंग लावून बसलेल्या गोल पेशी,
आणि एखादीच्या खांद्यावर फुटलेला छोटा गोळा,
कडेवरच्या पोरासारखा.
यीस्ट सेल्स: आढळल्या.
डॉक्टर औषध लिहायचे. विषय संपायचा.

आता रिटायर होऊन सातवा महिना,
आणि मी त्यांनाच निवडायला बसले आहे,
स्थळं बघतात तशी, पत्रिका समोर मांडून.

नेल्सननं जतहून दोन क्रेट सफरचंदं पाठवली.
जतहून! जिथं कुसळसुद्धा विचारून उगवतं.
लहान, फिकट, एका गालावर लाली आली तर आली.
आंबटपणा बेताचाच. रसात मी चार लिंबं पिळली.

पुण्याहून कुरिअरनं आल्या तीन पुड्या.

शॅम्पेनची काहीही सोसते: उकाडा, उपास.
साखरेचा शेवटचा कण संपेपर्यंत थांबत नाही,
आणि जाताना फळाचा वासही पुसून नेते.
अशी एक हेडनर्स आमच्याकडे होती.

एलची गोड बोलते,
सफरचंदाला सफरचंद राहू देते.
पण तिला लागतात वीस अंश.
जूनमध्ये मिरजेत वीस अंश
फक्त रक्तपेढीच्या एसीत असतात.

बेकरीची गरीब. सांगाल ते करते,
अर्ध्यात दमून बसते,
आणि घोट घेतला की पाव आठवतो.

एस्तेरआत्या पुडी वापरायचीच नाही.
नाताळची वाइन तिची:
तासगावची काळी द्राक्षं, चिनीमातीची बरणी,
आणि तळाचा गाळ वाटीभर राखलेला, विरजणासारखा.
"ह्यो माझ्या सासूचा," म्हणायची,
"आन् तिच्या सासूचा."
ती गेली तेव्हा माणसं जमली, भांडी लागली.
कुणीतरी चांगल्या मनानं
बरणी साबणानं घासून
उन्हात उपडी घातली.

राहिली लाकडी पळी,
भेगेत जांभळी रेघ असलेली.

तिची एक कपची मी रात्रभर
कोमट साखरपाण्यात ठेवली.
सकाळी थेंब काचेवर, वर मेथिलीन ब्लू.
मेलेल्या पेशी निळा रंग पिऊन बसतात,
जिवंत त्याला दारात उभा करत नाहीत.
निळ्या. निळ्या. निळ्या.
मोजताना अंगठा आपोआप
नसलेल्या काउंटरचं बटण दाबत होता.
चौथ्या फील्डमध्ये दोन, स्वच्छ.
एकीच्या कडेवर पोर.

आत्याच्याच?
की स्वयंपाकघरातलं कुणी आगंतुक,
परवा खिडकीतून आलेलं?
रिपोर्टात असले प्रश्न लिहीत नाहीत.

बेकरीची पुडी शेजारच्या पावभाजीवाल्याला दिली.
एक बरणी शॅम्पेनला,
एक एलला, ओल्या पोत्यात गुंडाळून,
तिसरी पळीच्या पाण्याला.

शेजारचे हैदरचाचा तंबोऱ्याला तारा चढवतात.
दारूला शिवत नाहीत, कान मात्र देतात.
पहिलीजवळ वाकले: "ही पळतेय, लय सोडून."
दुसरीजवळ नुसती मान हलवली.
तिसरीला गाल लावून बराच वेळ बसले.
"जवारी अजून खुलली नाही, बाई.
तार आहे."

तार आहे म्हणजे काय, मी विचारलं नाही.
पाच दिवस रस तसाच, फोडणी न दिलेल्या आमटीसारखा.
सहाव्या दिवशी मी एलची उरलेली पुडी
कात्रीजवळ काढून ठेवली.
त्या रात्री लाइट गेली.
पंखा थांबला, फ्रीज थांबला,
समोरच्यांचा टीव्ही मध्येच वाक्य सोडून गेला.
तेव्हा ऐकू आलं.
एकदा.
मग इतका वेळ काही नाही
की वाटलं, भास.
मग पुन्हा.

अंधारात चाचपडत पेन शोधलं.
जुन्या रिपोर्टाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं
आणि मोरीच्या वर चिकटवलं:
पळी धुऊ नये.