दुभाषी

मे महिन्यात कोण येतं सोलापूरला?
बारा जण आले, सोळा-सतरा वर्षांचे,
एकसारख्या निळ्या टी-शर्टात,
नाकावर पांढरं मलम फासून.
पाळक रणभिसे म्हणाले, हन्ना,
तुझं इंग्रजी बरं आहे, तू मध्ये उभी राहा.

राहिले.
देव तुमच्यावर प्रेम करतो, हे सोपं गेलं.
मोठेपणी काय व्हायचंय, हेही.
अंबिका तेलुगूत काही पुटपुटली,
ते माझ्यापर्यंत येईतो
अर्धं वाटेतच सांडलं.

टेसा लोकरीचं कडं विणून दाखवत होती.
गाठ सुटत होती, चष्मा घसरत होता.
अंबिकानं गुपचूप रंगीत कागद घेतला,
कातरीनं आयत कापला,
चिमूटभर लाकडाचा भुसा, एक वळसा,
नखानं कडा आत, वर दोरा.
विडी.
शाळा सुटली की आईच्या सुपाशी बसणारी बोटं ती.

टेसानं टाळ्या पिटल्या. हे काय?
मी म्हणाले, क्राफ्ट.

मग ती फरशीवरच बसली, मांडी जमेना तरी.
दुपारभर दहा वळल्या.
अंबिकानं एकेक कानाशी धरून दाबली,
कारखान्यातल्या तपासनिसासारखी,
आणि सहा बाजूला भिरकावल्या:
छाट!

या शब्दाचं इंग्रजी मी शोधत होते,
तोवर टेसा हसत सुटली होती,
पुढचा कागद हातात घेऊन.

चार तिनं बॅगेत नेल्या.
टाकलेल्या सहा
माझ्या कंपासपेटीत आहेत.