फुटण्यासाठी

देणगीच्या पावत्या मी फाडते. अकरा ते पाच,
मधे अर्धा तास डबा.
कुणी वडिलांच्या नावाची पाटी मागतं,
कुणी करसवलत आधी विचारतं, नाव मागाहून सांगतं.

त्या मंगळवारी निवृत्ती काळभोर आले.
चिंचवडला चौतीस वर्षं लेथवर,
उजवी करंगळी अर्धीच.
पिशवीत फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर
आणि रबर लावलेले साठ हजार.

"हेतू?" मी विचारलं. पावतीवर तसा रकाना आहे.
"लिहा, फुटण्यासाठी."

गणेशखिंडीच्या रस्त्यावर हॉर्न चालले होते,
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"आमच्या शाळेत काचेचं कपाट होतं, बाई.
आत दोन चुंबकं, एक भिंग, एक लोलक.
किल्ली हेडमास्तरांच्या कमरेला.
कपाट उघडायचं खंडेनवमीला, पूजेपुरतं.
हळदकुंकू लावलेला लोलक मी पाहिलाय,
त्यातून पडणारे रंग नाही पाहिले.

मग कारखान्यात पहिल्याच महिन्यात सात टूल मोडली.
फोरमननं आईवरून शिव्या दिल्या,
आणि आठवं हातात दिलं.
त्या आठव्यावर माझं घर उभं राहिलं.

तर पोरांना फोडू द्या. भरपाई माझी."

लेखा विभागानं फाइल तीनदा परत पाठवली:
'सदर शीर्ष उपलब्ध नाही.'
शेवटी मी 'इतर'वर खूण केली
आणि शेजारी, पेन्सिलीनं, त्यांचा शब्द लिहिला.

जानेवारीत सुहाना मुलाणी आली, इंदापूरची, पहिलं वर्ष.
रुमालात भिंगाचे तुकडे,
दुसऱ्या हातात ऐंशी रुपये आणि बसचा पास.
"किती भरायचे, मॅडम?"
"भरलेत," मी म्हटलं. "नवं घे. सही कर."
ती हलेना. कुणी भरले, कधी,
तिच्या घरचं तर कुणी पुण्याला आलेलंच नाही.
संध्याकाळी पुन्हा डोकावली:
"नाभीय अंतर नऊ पॉइंट सहा आलं.
डब्यावर दहा लिहिलंय.
मी वहीत नऊ पॉइंट सहाच ठेवलं."
मी विचारलं नव्हतं. पण बरं वाटलं.

महिनाअखेर काळभोरांचा फोन येतो. नमस्कार वगैरे नाही.
"काय फुटलं?"
मी रजिस्टर वाचते: बीकर चार, ब्युरेट एक,
गॅल्व्हानोमीटरचा काटा वाकला,
एका मुलानं मोटर उघडली, ती मिटली नाही.
पलीकडून हसू येतं, खोकल्यात मिसळलेलं.

गेल्या महिन्याचं पान कोरं होतं.
"काहीच नाही फुटलं," मी जरा अभिमानानंच सांगितलं.

बराच वेळ नुसती लाइनची खरखर.
मग ते हळू आवाजात म्हणाले,
"कपाटाला कुणी कुलूप तर नाही ना लावलं?"

रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून
मी जिन्याकडे निघाले, बघायला.