कलम सतरा

भागीदारीचा करार इंग्रजीत, कोर्टाला हवा मराठीत.
पानाला पंचवीस रुपये.
सोळा कलमं उताराला लागलेल्या गाडीसारखी गेली,
सतराव्यात चाक रुतलं:
‘भागीदारांमध्ये डेडलॉक झाल्यास…’

भागीदार दोन, कोठावदे आणि अमृतकर,
दोघंही अर्धे-अर्धे.
अमळनेरात स्टेशनच्या पलीकडे डाळ मिल.
एका बाकावर शिकले, एका मांडवात बोहल्यावर चढले,
आता एकाच दाराला दोन कुलपं लावून
गावाच्या दोन टोकांना राहतात.

मी लिहिलं, कोंडी.
खोडलं.
कोंडी म्हटली की पाठोपाठ फुटणं येतंच.
मग तिढा. पण तिढा सुटतो.
पेच तर कुस्तीतला,
एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगाला लागलेला;
या दोघांनी चार वर्षांत एकमेकांना बोटही लावलेलं नाही.
गाठ लिहायला गेले तर आईचा आवाज:
कात्री नको गं, दात लाव.

आपल्याकडे अडण्याचा प्रत्येक शब्द
सुटण्याचं क्रियापद कडेवर घेऊनच हिंडतो.
कोशात ‘गतिरोध’ होता.
त्यावरून रिक्षा उडी मारून निघून गेली.

म्हणून बेलिफाबरोबर पंचनाम्याला मीही गेले,
शब्द दिसतो कसा ते बघायला.

मे महिना. बोरीच्या कोरड्या पात्रात पोरांचं क्रिकेट.
दाराला एक पितळी कुलूप, हिरवं पडलेलं,
एक नवं, अजून त्याच्यावर किमतीची चिठ्ठी.
पायरीवर झिपरू भोई, जुना हमाल,
अर्धा पगार यांच्याकडून, अर्धा त्यांच्याकडून,
काम कुणाकडूनच नाही.
आतून तुरीचा जुनाट, गोडसर वास.
आणि दाराखालच्या फटीतून टोके,
एकामागे एक,
तुरीत जन्मलेले, तुरीवर पोसलेले,
उन्हात येऊन जरासे थबकत
आणि तहसील कचेरीच्या दिशेनं चालू लागत.

बेलिफानं विचारलं, किल्ल्या हरवल्यात का?
झिपरूनं पोटरीवरचा टोका हलकेच पुसून टाकला.
‘किल्ल्या दोन्ही शेतस, आप्पा.
हात नहीत.’

बेलिफानं लिहिलं: किल्ल्या उपलब्ध नाहीत.

परतताना दोन्ही घरी समन्स.
कोठावदे म्हणाले, त्याला आधी काढू दे.
अमृतकर म्हणाले, त्याला आधी काढू दे.
दोघांनी चहा पाजला.
दोन्ही कपांत वेलदोडा नको तितका,
मिलवरच्या एकाच पातेल्याची सवय असावी.
मी काही बोलले नाही. भाषांतर करणाऱ्यानं
मूळ मजकुरात भर घालायची नसते.

रात्री सतराव्या कलमात लिहून पाहिलं:
‘भागीदारांकडे दोन्ही किल्ल्या असून
हात नसल्यास…’
बराच वेळ ते तसंच राहू दिलं.
मग पंख्याच्या वाऱ्यानं कागद उलटला,
आणि मी ते खोडलं.

टायपिंगला गेलं ते ‘कोंडी झाल्यास’.
फुटण्याचं मूळ करारातच नव्हतं,
मीही लिहिलं नाही.

पेशकारांनी चष्मा कपाळावर सारला.
‘सोपा तर शब्द होता बाई,
इतके दिवस कशाला लागले?’

मी एकोणीस पानांचे पैसे मोजून घेतले.
पर्स मिटताना आत काहीतरी हललं,
बारीक, तपकिरी.