दोन गुंजा कमी

आमच्या दुकानात सोनं फार नव्हतं.
मिठबावात लग्नसराईला चार मणी, एखादी नथ,
गणपतीआधी गहाण, दिवाळीनंतर सोडवणूक.
बाकीचं वर्ष बाबांचा काटा
शिसं तोलायचा.

शिसं जुन्या रापणीच्या जाळ्यांचं.
मूस सोन्याचीच, भाताही तोच.
दारू मात्र मागल्या पडवीत,
विस्तवापासून बारा पावलं,
आणि ती पावलं बाबा दर वेळी मोजत.

माझं काम रिकामी काडतुसं धुण्याचं.
पितळ रात्रभर आमसुलाच्या पाण्यात,
सकाळी एकेक उजेडापुढे धरायचं,
केसाएवढी चीर दिसली की बाजूला.
"चीर लपली तर कुणाचा तरी डोळा जाईल,"
एवढं एकदाच म्हणाले.
नंतर नुसते माझ्या बोटांकडे बघत.

गिऱ्हाइकं तीन.
फटू घाडी, आज्याची ठासणीची:
अडीच तोळ्यांचा गोळा, काथ्याचा बोळा,
बार झाला की धुरात फटूच दिसेनासा.
अंतोन डिसोजा, पलटणीतून परतलेला, तीनशे पंधरा:
गोळी कारखान्याची, एक तोळा चार मासे,
अंगात तांब्याचं अंगडं.
ती भरायची नसे, तरी पावसाआधी पेटी घेऊन यायचा,
एकेक तोलून बघायला.
विसात एक गुंजभर जड निघाली
ती त्यानं जावयासारखी वेगळी ठेवली.
आणि रवळू तेली, दुनळी बारा बोर,
काडतुसात सहा एलजी.
"छर्रो हाडार चपटता, शेटानू. जरा घट करा."
बाबांनी त्याच्यापुरती शिशात कल्हई घातली.

चांगली कुठली, यावर ओसरीवर रात्री सरत.
अंतोनला सड्यावरून ओहोळापलीकडचं हवं.
फटू म्हणे, रानात लांब असतं काय?
करवंदीत नाक दिसतं ते सहा पावलांवर.
रवळू म्हणे, काळोखात नेम नसता, पसारो लागता.
बाबा अडकित्ता मिटत:
"तिन्ही चांगल्या. डुक्कर उभं राहिलं तर."

रवळू चैत्रात तापानं गेला.
दुनळी पोलिसात जमा झाली.
उरलेली अकरा काडतुसं द्वारकानं परत आणली,
पदरात बांधून, उंबऱ्यावर मोजून.

आश्विनात, भात पिवळं पडताना,
डुक्कर पडलं.
दोन बार एकाच श्वासात,
आणि मुंडकं नि मागली फरी ज्याची गोळी त्याची.
बाबांना बोलावणं आलं, काट्यासकट.
कंदील धरायला मी.

केळीच्या पानावर आधी अंतोनची गोळी,
अंगडं फाटलेली, एक तोळा तीन गुंजा.
बाकीची हाडात राहिलेली.
मग फटूचा गोळा, बंद्या रुपयासारखा चपटा.
दोन्ही लागलेल्या, दोन्ही पुरेशा.
आवाज चढले. कुणीतरी कुणाचा बाप काढला.

तेवढ्यात सुरीला खांद्याच्या चरबीत
काहीतरी कट्ट वाजलं.

गोल. भोवती पांढरी गाठ, जुनी, भरून आलेली.
बाबांनी तो धुतला, पारड्यात ठेवला.
साडेचार मासे हवे होते.
दोन गुंजा कमी.
दाताखाली धरून बघितला, सोनं बघतात तसा.
"कल्हई," ते म्हणाले.

अंतोननं टोपी काढली.
फटू त्या पायाकडे बघत राहिला,
एक खूर दुसऱ्याहून कमी झिजलेला.
म्हणजे ते लंगडत होतं.
म्हणजे ते उभं राहिलं होतं.

फरी आम्ही चौघं घेऊन गेलो.
द्वारकानं दार अर्धंच उघडलं.
बाबांनी छर्रा तळहातावर पुढे केला.
बराच वेळ बघून ती म्हणाली,
"ते सांगी होते, लागलो म्हणान.
मी हसलंय."

फरी तिनं घेतली.
छर्रा घेतला नाही.
काटा पुढे विकला, दुकानही गेलं,
तो माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, बटणांमध्ये.
सुई शोधताना
अजून बोटाला लागतो.