वाकरिकी

चौथ्या दिवशी परत बेळगावला गेले.
हिरेमठ डॉक्टरीण बाईंनी विचारलं,
वाकरिकी बरतैतेन्?
मी मान हलवली. कानडी मला बाजारापुरतीच येते
पण हा शब्द कळला,
आपल्या ओकारीचाच कुणीतरी मावसभाऊ.
अजून दहा दिवस, त्या म्हणाल्या,
मग अंगाची आणि गोळीची ओळख होते.
उपाशीपोटी घेऊ नका.
आणि मनानं बंद करू नका,
हे मात्र त्यांनी मराठीत सांगितलं,
मोडकं, सावकाश, दोनदा.

संकेश्वरपर्यंत बरं होतं.
स्तवनिधीच्या घाटात सगळं गळ्याशी आलं.
कंडक्टरनं न बघताच पिशवी पुढं केली,
खिडकीकडं सरका आक्का, घाट हाय.
घाट नव्हे हो, म्हणणार होते.
तोंड उघडायची सोय नव्हती.

बावीस वर्षं विड्या वळते मी निपाणीत.
तंबाखूचा वास कधी आलाच नाही मला,
आपल्या घराचा आपल्याला येत नाही तसा.
पाचव्या दिवशी जर्द्याचा पुडा सोडला
आणि वास असा अंगावर आला
की मी पुन्हा दहा वर्षांची, आईच्या सुपाशेजारी,
फ्रॉकवर उलटी झालेली.
आई पान कातरता कातरता म्हणाली होती,
तंबाखू एकदाच ओकायला लावतो.
मग तो आपला.

गोळीचं तसं नाही.
ती रोज नव्यानं घरात येते.
सकाळी घेतली तर दुपार जाते,
रात्री घेतली तर झोपेत तोंडाला पाणी सुटतं, खारट.
शमशादनं लिंबाची पानं आणून दिली, चुरगाळून हुंगायला.
आलं मिठात घालून दिलं.
तीच मला पहिल्यांदा दवाखान्यात घेऊन गेली होती,
त्या दिवसानंतर,
जेव्हा चेकरनं माझी निम्मी विडी छाट काढली.
पोकळ हायत, म्हणाला. आत तंबाखूच न्हाई.
मी बघितलं. खरंच नव्हता.
पानं वळलेली, दोरा बांधलेला, तोंडं दुमडलेली,
पंचवीस पंचवीसचे कट्टे नीट रचलेले.
आत काही नाही.
किती दिवस तसं चाललं होतं, मलाही सांगता येईना.
शमशाद तेवढं बघून उठली
आणि चपला घातल्या तिनं.

नळावर वाकले तर कांताक्का हसली.
कितवा गं?
दुसऱ्या दिवशी पदराखालून कैरी आणली.
मी खाल्ली. मीठ लावून. खोटं कशाला बोलू,
टिकली पोटात.
मग तिनं बोटांवर हिशेब केला.
नवरा गोव्यात गवंडीकामाला, सात महिने झाले.
तिचं हसू मध्येच थांबलं
आणि घागर भरून वाहायला लागली.
सांगावंच लागलं.
गोळी हाय.
कसली?
डोक्याची. म्हणजे मनाची.
ती गप्प. नळ बंद केला.
मग इकडंतिकडं बघून हळूच,
चिरमुरं खा मूठभर, गोळीच्या आधी.
चिक्कोडीची माझी नणंद तसंच करती.
कुणाला बोलू नको हां,
तिचं न्हवं, तुझंबी.

सहा, सात, आठ.
आठव्याला गोळी हातात धरून बसले बराच वेळ.
एवढीशी. फिकट.
टाकली असती मोरीत तर संध्याकाळी बरं वाटलं असतं,
आणि परवा पुन्हा पोकळ कट्टे.
चिरमुरे चावले. घेतली.
ओकले नाही. ओकायचं राहिलं, एवढंच.

अकराव्या दिवशी, दिवस कलताना,
शेजारी कुणीतरी कांदा परतत होतं.
पोटात काहीतरी हललं.
सूप बाजूला ठेवून उंबऱ्यावर बसले.
ही मळमळ की भूक?
ठरेना.
इतके महिने दोन्ही नव्हत्या,
ओळखायची सवयच मोडली होती.
शेवटी उठले, दुरडीतली अर्धी भाकरी घेतली,
वर मीठ.
दोन्हीला चालतं ते.