बेड सहा, बेड सात

परळच्या डायलिसिस खोलीत, दुसऱ्या पाळीला,
बेड सहावर झांबिया, सातवर झिंबाब्वे.
मध्ये माझं स्टूल.

मुटिंताबाई म्हणतात, आमच्याकडे वीज रात्री येते,
तीन तास; त्यातच इस्त्री, त्यातच दळण.
चेंजेराय म्हणतो, तीन? नशीब काढलंत.
आमचे शिक्षक मात्र उत्तम.
आहेत कुठे?
लंडनला.
आमच्याकडे रस्ता झाला.
कुठवर?
खाणीपर्यंत.

रक्त बाहेर, रक्त आत.
दोघांच्या मध्ये एकच नदी, एकच धरण,
सीमा म्हणे भिंतीच्या मधोमध, पाणी तळाला गेलेलं,
आणि अंधार दोन्ही काठांना
आपापल्या वेळापत्रकाने वाटलेला.

मक्याच्या घाट्याला ती म्हणते न्शिमा, तो साद्झा.
त्यावरून पाऊण तास.
मी म्हटलं, आमच्यात तांदळाची उकड असते.
पाहुण्याचं ऐकावं तसं ऐकून घेतलं दोघांनी.

मग बाईंनी विचारलं, तुमचं कसं आहे इथे?
वीज जात नाही, मी म्हटलं.
पाणी पहाटे साडेचारला, वीस मिनिटं.
आणि हे मशीन... माझ्या वडिलांचा नंबर
पालिकेच्या यादीत एकशे बारावा होता, तर

सातचा अलार्म वाजला. बीपी पडलं होतं.
पाय वर घेतले, सलाईन सोडलं,
बाई नळ्या सांभाळत अर्ध्या उठून बसलेल्या.

डोळे उघडून चेंजेराय आधी त्यांनाच म्हणाला,
बाई, तो तुमचा रस्ता,
मी गेलोय त्यावरून.
बरा आहे.